बाकाला पाठ हवी, हातही हवेत

पुणेकरहो,

महापालिका पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते. आपल्या शहरात ही पद्धत २००६ पासून आहे. मुदत थोडी असते, आणि ती संपल्यावर आपल्याला कळतं. आपण मागतो काय, तर रस्ता, गटार, दिवे. यंदा त्या अर्जात प्रभागातल्या बागेचं एक काम लिहा, अशी कळकळीची विनंती आहे. त्यातही बागेतल्या म्हाताऱ्या माणसांसाठीचं.

संध्याकाळी जवळच्या बागेत जा आणि एखाद्या आजींना बाकावरून उठताना नीट पाहा. बाक ग्रॅनाइटचं, गुळगुळीत, पाठ नाही, हात नाहीत. आजी आधी कडेला सरकतात, एक तळवा गुडघ्यावर रोवतात, दुसरा शेजारणीच्या खांद्यावर ठेवतात आणि मग दोन हिसक्यांत उभ्या राहतात. शेजारीण आली नाही त्या दिवशी त्या बसतच नाहीत. एक फेरी मारून घरी जातात. आपण म्हणतो, आजींना हल्ली बाहेर पडायचा कंटाळा येतो!

बाकाची उंची साधारण दीड फूट असावी, टेकायला पाठ असावी आणि उठताना रेटा द्यायला दोन्ही बाजूंना हात असावेत. याला काही फार खर्च येत नाही. बाकांवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' अशी पाटी हौसेनं लावली जाते. लावा, पण हयात असलेल्यांना बसता येईल असं बाक द्या.

आणि बाकं एका रांगेत का मांडायची? रांगेत बसलेल्याला शेजाऱ्याचा फक्त कान दिसतो. ज्याला कमी ऐकू येतं त्याला बोलणाऱ्याचं तोंड दिसावं लागतं. दोन बाकं काटकोनात ठेवली की चौघांचा कट्टा जमतो, आणि मधे व्हीलचेअरपुरती जागा सोडली की पाचवाही गप्पांत येतो. गावातल्या पाराला हे न शिकवता जमलं होतं: बसण्याजोगा चौथरा, डोक्यावर वड नाहीतर पिंपळ, आणि फाटक नाही.

फाटकाचं तर विचारूच नका. दुचाकी आत शिरू नये म्हणून लोखंडी खांब असे ठोकलेले असतात की व्हीलचेअर बाहेरच राहते. तीन फूट मोकळी वाट ठेवा, दुचाकीवाल्याला आवरायला रखवालदार आहे. एक पायरी असेल तिथं उतार करा. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. त्याहून तीव्र उतार म्हणजे घसरगुंडी. उखडलेले पेव्हर ब्लॉक बसवून घ्या. स्वच्छतागृहाचं कुलूप काढा, कारण मधुमेहाची गोळी घेणारा माणूस बागेत किती वेळ थांबणार हे पुष्कळदा त्या कुलपावरच ठरतं. कारंजं नसलं तरी चालेल.

ही काही मेहेरबानी नव्हे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्याचे नियम २०१७ मध्ये आले आणि जुन्या सार्वजनिक वास्तू सुगम करायला पाच वर्षं दिली गेली. ती २०२२ मध्येच संपली. विरंगुळ्याच्या जागाही त्यात येतात. ज्या आजोबांकडे दिव्यांगत्वाचा दाखला नाही, फक्त दुखरे गुडघे आहेत, त्यांनाही तोच उतार आणि तेच हात असलेलं बाक उपयोगी पडतं. २०११ च्या जनगणनेत राज्यात साठीपुढची माणसं १ कोटी १० लाखांच्या घरात होती. आता किती तरी वाढली असतील.

बागेत माणसं जमली की काय होतं हे मुंबईत दिसलं आहे. १९९५ मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी तिथल्या एका सार्वजनिक बागेत मूठभर लोकांना घेऊन हास्यक्लब सुरू केला. आज तो जगभर पोहोचला आहे. त्याला लागली ती फक्त जागा आणि सकाळची वेळ.

तेव्हा या रविवारी घरातल्या ज्येष्ठांना सोबत घेऊन बागेत एक फेरी मारा. ते कुठे अडखळतात, कुठे थांबतात, कुठे बसायला जागा शोधतात ते कागदावर टिपा, मोबाइलवर फोटो काढा. सोसायटीतल्या दहा घरांच्या सह्या घ्या. ज्येष्ठ नागरिक संघ असेल तर त्यालाही सोबत घ्या. बागेचं नाव आणि नेमकं काम लिहून अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्या आणि पोच घ्यायला विसरू नका. 'बागेत सुधारणा करावी' असं मोघम लिहाल, तर पुन्हा कारंजंच मिळेल.