असईहून गाविलगडाकडे

मे महिन्यात जालन्यात घराघरांत दोन विषय हमखास निघतात: पाणी कधी येणार आणि दोन दिवस थंड हवेला कुठे जायचं. दुसऱ्याचं सोपं उत्तर म्हैसमाळ. खुलताबादवरून वर चढलं की झालं, सकाळी निघून रात्री घरी. पण खरं सांगायचं तर म्हैसमाळ पावसाळ्याचं. मेमध्ये तिथलं गवतही आपल्यासारखंच करपलेलं असतं.

आमचं मत चिखलदऱ्याला. देऊळगाव राजा, चिखली, खामगाव करत परतवाडा गाठायचं आणि मग घाट. जालना समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास, चिखलदरा अकराशेच्या वर. फरक संध्याकाळी अंगाला कळतो. दुपारी मात्र तिथेही ऊन लागतं आणि भीमकुंडाचा धबधबा उन्हाळ्यात नुसता काळा कडा असतो. धबधब्याचे फोटो पाहून निघालात तर हिरमोड ठरलेला. त्यापेक्षा कॉफीची झाडं पाहा, गवळ्यांकडची रबडी खा.

आणि चिखलदऱ्याजवळचा गाविलगड चुकवू नका. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढलेला इंग्रज सेनानी आर्थर वेलस्ली त्याच डिसेंबरात या गडाखाली पोचला होता. तोफा डोंगरवाटांनी ओढत नेऊन त्याच्या हाताखालच्या कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने उत्तरेकडची तटबंदी फोडली. आपण तर एसी गाडीतून जाणार! शनिवार-रविवारची खोली मात्र आधीच बोलून ठेवा, आणि घाट अंधारापूर्वी चढा. आजूबाजूला मेळघाटचं वाघांचं जंगल आहे.