भाकरीची लाज कोणाला?

मैत्रिणींनो, सुरुवात कबुलीने करते.

गेल्या वर्षी वरवे बुद्रुकच्या बचत गटातल्या अकरा बायकांना घेऊन मी दिल्लीला एका परिषदेला गेले. अकराही जणी पहिल्यांदाच विमानात बसणार होत्या. आयोजक संस्थेने निघण्याआधी सूचनापत्रक पाठवले. ओळखपत्र जवळ ठेवा, कात्री-सुरी बरोबर घेऊ नका, वगैरे. त्यातच एक ओळ होती : ‘विमानतळावर व विमानात घरचे डबे उघडू नयेत. इतर प्रवाशांना वासाचा त्रास होतो व आपल्या कामाविषयी चांगले मत होत नाही.’ ती ओळ मी गटाच्या बैठकीत जशीच्या तशी वाचून दाखवली. एम.एस.डब्ल्यू. झालेली, दहा वर्षे बायकांच्या हक्कांवर शिबिरे घेणारी मी! मला त्यात काही खटकले नाही. उलट मनात कुठेतरी बरेच वाटले, हे आता लपवत नाही.

“मग ताई, खायचं काय?” असे एकीने विचारलेच. मी म्हटले, मिळेल काहीतरी. तिकिटे जेवणाशिवायची काढली आहेत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ठाऊक करून घ्यायला हवे होते.

सकाळी सातचे विमान. लोहगाव गाठायचे म्हणून आम्ही पहाटे तीनला जीपने निघालो. खेड शिवापूरचा टोलनाका, मग कात्रजचा बोगदा, सगळे अंधारातच गेले. साठीच्या एका मावशींनी घरून निघताना शुगरची गोळी घेतली होती, अर्ध्या तासाने भाकरी खाऊ या हिशोबाने. जीपमध्ये मळमळत होते म्हणून खाल्ले नाही. विमानतळावर खाल्ले नाही, कारण मी पत्रक वाचून दाखवले होते. तिथल्या दुकानात मी दोन इडल्या आणि चहाचा भाव विचारला, तर तीनशेच्या वर. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची दिवसाची मजुरी ३१२ रुपये होती. कोण विकत घेणार?

विमान वर गेल्यावर मावशींना दरदरून घाम सुटला, हात कापायला लागले. हवाई सुंदरी धावत आली, तिने साखर घातलेला रस पाजला आणि विचारले, यांच्याजवळ खायला काही आहे का? मावशींच्या पायाशी पिशवी होती. तिच्यात फडक्यात बांधलेल्या तीन भाकऱ्या आणि गुळाचा खडा होता. डबा उघडायचा नाही एवढेच मी सांगितले होते. आणायचा नाही असे कोणी सांगितले होते? अकरा बायकांनी वळून माझ्याकडे पाहिले. आणि ती मुलगी सहज म्हणाली, “मग खा ना, कोण नको म्हणतंय?”

खरेच, कोण नको म्हणत होते? विमान कंपनीचा असा नियम नाही. देशातल्या प्रवासात पोळी, भाकरी, दशमी, लाडू घेऊन विमानात बसायला कोणाची आडकाठी नाही. तेलातले लोणचे किंवा मिरचीपूड हातातल्या सामानात असेल तर तपासणीवाले अडवू शकतात. परदेशी जाताना पातळ पदार्थ शंभर मिलिलिटरच्या वर चालत नाही. सुके खोबरे तेलकट म्हणून आगीच्या धोक्याच्या वस्तूंत मोडते. (हे गटात सांगून ठेवा, बायकांच्या खोबऱ्याच्या वाट्या तिथे टोपलीत पडतात.) बाकी बंदी कसलीच नाही. सिनेमागृहाच्या मालकाला बाहेरचे खाणे अडवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये दिला, मात्र पिण्याचे पाणी फुकट द्यायला लावले. विमानात तेवढीही बंदी नाही. २००३ साली एअर डेक्कनची स्वस्त विमाने सुरू झाली तेव्हापासून आपल्याकडे जेवण तिकिटातून बाहेर पडले. म्हणजे कंपन्यांनीच आमच्यापुढचे ताट काढून घेतले आणि त्यावर पैसे वाचवले. आणि भाकरी घरून आणली की लाज मात्र आम्हाला!

ही बंदी आपण, स्त्री चळवळीतल्या शिकलेल्या बायकांनी, घातली. पोलिसांची गरज पडली नाही.

वासाचे कारण तपासून पाहू. ठेपल्यांचा डबा उघडला तर शेजारचा कौतुकाने एक मागून घेतो. सुकटीची चटणी उघडली तर नाकाला रुमाल लागतो. हा फरक नाकाने केलेला नाही, तो जातीने केलेला आहे. मुंबईच्या आयआयटीत २०२३ मध्ये वसतिगृहाच्या खानावळीत शाकाहारींसाठी वेगळी टेबले राखली गेली आणि निषेध म्हणून तिथे बसून मांसाहार करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजारांचा दंड झाला. आपण त्याचा निषेध केला. मग आपल्याच पत्रकातला ‘वासाचा त्रास’ कोणाच्या नाकाचा होता?

आणि घरचा डबा म्हणजे सगळे निर्मळ, असेही मी म्हणत नाही. माझी आजी प्रवासाला दशम्या न्यायची. दुधात भिजवलेल्या, म्हणून सोवळ्याला चालणाऱ्या. दुसऱ्याच्या हातचे खायला नको, हे त्या डब्याचे खरे कारण होते. परवडत नाही म्हणून बांधलेली भाकरी आणि विटाळ नको म्हणून बांधलेली दशमी एकाच फडक्यात असतात. पण गंमत अशी की सोवळ्याच्या दशमीला कोणी कधी पत्रक काढून अडवल्याचे मी ऐकले नाही.

पत्रक काढणाऱ्या मैत्रिणीशी मी नंतर बोलले. तिचे म्हणणे वेगळेच होते. “अगं, एक दिवस तरी बायकांची चुलीपासून सुटका व्हावी, हा हेतू होता.” हेतू चांगलाच आहे. पण त्या रात्री वरव्यात काय झाले ते सांगते. अकरापैकी बहुतेक जणी दीड वाजता उठल्या. एकीने नवऱ्याचा कंपनीचा डबा भरून ठेवला, सासूसाठी भात-आमटी केली, संध्याकाळची भाजी चिरून ठेवली, दोन दिवसांच्या भाकऱ्या थापल्या. त्यातल्याच दोन तिने स्वतःला बांधल्या. चुलीपासून सुटका झाली नाहीच. फक्त तिने स्वतःसाठी थापलेल्या भाकऱ्या तेवढ्या निषिद्ध ठरल्या!

सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरातले बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात जातात, पुरुषाची ८८. प्रवासाच्या आदल्या दिवशी बाईची मिनिटे वाढतात, हे कोणालाही विचारा. घरातला मुलगा परदेशी निघाला तर आई आठ दिवस चकल्या, लाडू, मेतकूट करते आणि आपण त्याला माया म्हणतो. आई स्वतः निघाली तर तिचा डबा कोण भरतो? अकरा जणींना मी हे विचारले. एका जणीच्या मुलीने भरला होता. मुलाने किंवा नवऱ्याने एकाही नाही.

तेव्हा बायकांची सुटका करायचीच असेल तर तिचा खर्च करा. परिषदेच्या अंदाजपत्रकात फलकाला पैसे होते, पाहुण्यांच्या शालींना होते, बायकांच्या सकाळच्या खाण्याला नव्हते. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना घेऊन. बायका घरात रांधतात ते काम आहे, त्याला भांडवल आणि मोल मिळाले पाहिजे, हे त्यांनी बँकांना पटवले. पन्नास वर्षांनी आपण ते आपल्याच संस्थांच्या हिशोबनिसांना पटवू शकत नाही?

मी आयोजकांना लेखी दोन मागण्या केल्या. एक, ती ओळ काढा. दोन, प्रवास पहाटेचा असेल तर तिकीट जेवणासकट काढा, नाहीतर डब्याचे पैसे द्या आणि तो डबा जाणाऱ्या बाईने नव्हे, गटाने करावा. पहिली मागणी लगेच मान्य झाली. फुकटची होती.

त्यानंतर आमच्या नऊ जणी नागपूरला विमानाने गेल्या. ओळखीच्या बायकांना बरोबर घेऊन न जाणाऱ्या दोघींनी मागे राहून डबे केले : भाकरी, शेंगदाण्याची कोरडी चटणी, उकडलेली अंडी, मावशींसाठी वेगळा गुळाचा खडा. विमानात सगळ्यांनी उघडून खाल्ले. मीही खाल्ले. शेजारच्या गृहस्थांनी एकदा पाहिले आणि पुन्हा मोबाईलमध्ये तोंड घातले, एवढेच. नऊ डबे, प्रत्येकी ऐंशी रुपये, एकूण ७२० रुपयांचे बिल गटाच्या शिक्क्यासह संस्थेला पाठवले आहे. तीन महिने झाले, पैसे अजून आलेले नाहीत. दुसरे स्मरणपत्र याच आठवड्यात टाकते आहे.