फसला तो गुन्हेगार नव्हे!

घरात चोर शिरला तर घरधनी ओरडतो, शेजारी काठ्या घेऊन धावतात आणि सकाळपर्यंत साऱ्या गल्लीत बातमी होते. फोनवरून चोरी झाली की मात्र त्याच घरात सामसूम पसरते! निवृत्त शिक्षक, पेन्शनीवर दिवस काढणारे कारकून, आयुष्यभर पैपैचा हिशेब ठेवलेले व्यापारी मान खाली घालून बसतात. परगावच्या मुलाला कळवायचे नाही. शेजाऱ्याला तर नाहीच नाही. “शिकल्यासवरल्या माणसाने असे फसावे कसे?” हा एक प्रश्न कानी पडू नये म्हणून जन्माची पुंजी गेल्याचे दुःख माणूस एकटा गिळतो. आमचे स्पष्ट मत असे की, हा प्रश्न विचारणारे नकळत चोराचीच चाकरी करीत आहेत.

या चोरीची रीत तरी पाहावी. ‘डिजिटल अरेस्ट’ या भारदस्त नावाने जो प्रकार गेल्या काही वर्षांत देशभर माजला, त्यात कुलूप तोडण्याची विद्या फारशी लागतच नाही. पलीकडचा इसम आपण कुरिअर कंपनीतून वा दूरसंचार खात्यातून बोलत असल्याचे सांगतो. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधार क्रमांकावर काळ्या पैशाचे खाते निघाले, असे बजावतो आणि फोन ‘पोलिसा’कडे देतो. पडद्यावर गणवेश दिसतो, मागे सरकारी पाटी दिसते. मग हुकूम सुटतो: कॅमेऱ्यासमोरून हलायचे नाही, घरात कोणाशी बोलायचे नाही, ‘तपासणीसाठी’ ठेवी मोडून अमुक खात्यात भरायच्या. अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्यास तर चक्क सर्वोच्च न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून एक कोटीहून अधिक रुपयांना लुबाडण्यात आले. २०२५ च्या ऑक्टोबरात खुद्द त्या न्यायालयाने आपणहून याची दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपविला. न्यायालयाचा शिक्का पाहून साधा नागरिक नमला, तर त्यात त्याचा मूर्खपणा तो कोणता? कायद्याला भिऊन वागणारा माणूसच या जाळ्यात आधी सापडतो. लबाड असता तर त्याने फोन केव्हाच ठेवून दिला असता!

तथापि एक गोष्ट साऱ्यांनी ध्यानी धरावी. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची अटक भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. खरी अटक झाली तर ती नातलगास वा स्नेह्यास कळविणे पोलिसांवर कायद्याने बंधनकारक आहे. येथे उलट मौनाची आज्ञा होते, आणि जेथे अशी आज्ञा झाली तेथेच चोर ओळखावा.

पैसे गेल्यानंतरचे मौन तर याहून घातक होय. चोरलेली रक्कम एका खात्यात मुक्काम करीत नाही. चार पैशांच्या लोभाने कोणी विद्यार्थ्याने वा बेकार तरुणाने वापरावयास दिलेल्या खात्यांतून ती मिनिटामिनिटाला पुढे सरकते आणि अखेर रोखीत वा आभासी चलनात विरून जाते. (आपले खाते असे ‘भाड्याने’ देणाऱ्या तरुणांनी हेही समजून असावे की, पोलीस प्रथम त्यांच्याच दारी येतात.) या धावत्या पैशाला अडविण्यासाठी केंद्र सरकारने १९३० हा क्रमांक ठेवला आहे. मिठाच्या सत्याग्रहाचे साल आठवले की तो विसरणार नाही. तेथे तक्रार नोंदताच ती संबंधित बँकेकडे जाते. रक्कम तिथे उरली असेल तर ती बँक गोठविते, पुढे गेली असेल तर तक्रार पुढच्या बँकेच्या मागावर निघते. पहिल्या तासाभरात केलेल्या फोनाला जे मोल आहे ते तिसऱ्या दिवशीच्या लेखी अर्जाला नाही. रात्रभर लाजत बसलेला माणूस चोराला ती रात्र बहाल करतो.

रिझर्व्ह बँकेनेही ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात हेच तत्त्व घालून दिले. ग्राहकाचा वा बँकेचा दोष नसताना तिऱ्हाइताने पैसे लांबविले आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकाने कळविले, तर त्याच्यावर तोशीस नाही. गुप्त अंक त्यानेच सांगितले असतील तर कळवीपर्यंतचा तोटा त्याचा, कळविल्यानंतरचा बँकेचा. म्हणजे चूक आपली असली तरीही बोलण्यातच हित आहे.

बाकी सावधगिरीच्या गोष्टी थोड्या आहेत व बहुतेकांनी ऐकलेल्या आहेत. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीही नाही. लग्नपत्रिका म्हणून आलेली ‘एपीके’ फाईल उघडू नये. पत्रिकेला फोनमध्ये बिऱ्हाड कशाला हवे? वीज आज रात्री तोडणार असा संदेश आला तर बिलावरच्या क्रमांकावर विचारावे, संदेशातल्या नव्हे. आपल्या गावच्या टंकलेखन केंद्रांना व पतसंस्थांना मात्र वेगळे सांगितले पाहिजे. २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ने जगभरचे संगणक ओलीस धरले, तेव्हा त्या छिद्रावरचे ठिगळ दोन महिने आधीच फुकट मिळत होते, ज्यांनी ते लावले नाही त्यांच्यावर प्रसंग ओढवला. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. लोकांच्या ठेवींचे हिशेब ठेवणाऱ्यांनी “अजून चालतेय की” म्हणून जुन्या यंत्रावर विसंबू नये. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून २०१८ च्या ऑगस्टात अवघ्या दोन-तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले, ही हकीकत सहकारी क्षेत्राला तरी सांगावयास नको.

आमची मुख्य मागणी बँकांकडे आहे. ठेवीदाराच्या फोनवर इशारे येतात, पण ते बहुधा इंग्रजीत, बारीक अक्षरात. आणि आमच्या सीमाभागातील आजीबाईला कळेल अशी मराठी त्यात क्वचितच असते. चोर मात्र माणसाला समजेल त्या भाषेत बोलतो! १९३० हा अंक आणि ‘फोनवर अटक होत नाही’ हे वाक्य मोठ्या मराठी अक्षरांत प्रत्येक बँकेच्या व पतसंस्थेच्या काउंटरवर लागले पाहिजे. त्याला खर्च तो किती? आणि कोणी वृद्ध माणूस, कानाला फोन लावलेला, घाईघाईने मुदतठेव मोडावयास आला, तर कारकुनाने फॉर्म पुढे सरकविण्याआधी त्याला खुर्ची द्यावी, पाणी द्यावे, आणि “काका, फोनवर कोण आहे?” एवढे विचारावे.