तंबोरा लावायचा कुणी?

इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर तोंडसुख घेणाऱ्यांत मी नाही. १९७९ साली जी. राज नारायण यांनी तो लोकांपुढे आणला, आणि दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात रियाज करणाऱ्यांची मोठीच सोय झाली. खरा तंबोरा जागा अडवतो, हवा बदलली की सुरातून उतरतो. आता तर मोबाइलमध्येच तंबोरा मिळतो. वापरावा, खुशाल वापरावा. माझी तक्रार एवढीच, की गाणं शिकणाऱ्या मुलांनी तेवढाच वापरू नये.

कारण तंबोरा लावणं हीच कानाची शाळा आहे. पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि खर्ज अशा चार तारा. मालकंसात पंचम नाही, म्हणून पहिली तार मध्यमात. खुंटी पिळून सूर जवळ आणायचा आणि मणी सरकवून नेमका करायचा. जोडीच्या तारा जराशा विसंवादी असल्या की आवाजात लाटा उठतात. सूर जुळत येतो तशा त्या संथ होतात, आणि मग थांबतात. घोडीवर तारेखाली सुताचा धागा योग्य जागी बसला की जवारी खुलते. मग खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो, कुणी न लावलेला! गंमत म्हणजे, सूर मोजणारी बहुतेक यंत्रं पाश्चात्त्य समान स्वरांतरांवर बेतलेली. त्यांच्या हिशेबी हा स्वयंभू गंधार अर्धस्वराच्या सुमारे १४ शतांश उतरलेला. काट्यावर विसंबणारं मूल खऱ्या गंधारालाच बेसूर ठरवील.

बँकेत कॅल्क्युलेटर आले तेव्हा मी खूषच झालो होतो; खातेवह्यांच्या उभ्या बेरजांनी डोळे शिणले होते. पण हाताने बेरजा केलेल्या माणसाला यंत्रावरचा चुकीचा आकडा खटकायचा. ‘एवढे होतीलच कसे?’ असं तो म्हणायचा. नंतर आलेल्या पोरांना तो खटकत नसे.

गायनाच्या वर्गात पहिली दहा मिनिटं तंबोरा लावण्यात गेली, तर हल्ली काही पालक घड्याळ पाहतात. फी वाया जाते म्हणे! माझ्या मते तीच दहा मिनिटं सर्वांत वसूल होणारी. मुलालाच खुंटी पिळू द्यावी. एखादी तार तुटेल. ती काही फार महाग नसते.

मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूरकडचा भोपळा निवडून, वाळवून, कोरून हे वाद्य घडवणारे कारागीर तिथे अजून काम करताहेत. तीन-चार पालकांनी मिळून एक तंबोरा घ्यायला हरकत नाही. आळीपाळीने घरी न्यावा. नाही तरी प्रत्येक घरी गेल्यावर तो पुन्हा लावावा लागेलच.