नोंदी करता ना? मग प्रश्नही विचारा!

तालुक्याच्या गावच्या बाजारपेठेतून एक चक्कर मारा. कृषी सेवा केंद्र, कापडाचं दुकान, औषधांचं दुकान, पतसंस्था... कॉम्प्युटरसमोर बऱ्याच ठिकाणी एखादी मुलगी किंवा घरचीच सून बसलेली दिसते. बिलं तीच करते, माल आला-गेला तीच नोंदवते. घरगुती मसाले, पापड, ब्लाउज शिवणं असे उद्योग करणाऱ्या आपल्या कितीतरी मैत्रिणींनीही आता वहीऐवजी एक्सेलमध्ये हिशेब ठेवायला सुरुवात केली आहे. ही कौतुकाचीच गोष्ट आहे. पण एक प्रश्न विचारावासा वाटतो. नोंदी आपण करतो, मग त्या नोंदींना प्रश्न कोण विचारतं? 'या महिन्यात उधारी किती वाढली गं?' असं मालक किंवा घरातले कोणी विचारतात, आपण प्रिंट काढून देतो आणि निर्णय ते घेतात. म्हणजे दळण आपण दळायचं आणि पीठ कुठे गेलं ते आपल्याला ठाऊकच नाही!

हे चित्र बदलण्याची एक साधी किल्ली त्याच कॉम्प्युटरमध्ये आहे. तिचं नाव 'फिल्टर'.

नाव इंग्रजी असलं तरी काम आपल्या ओळखीचं आहे. तांदूळ निवडणं, गहू पाखडणं, रवा चाळणं हे आपण रोज करतो. शेकडो ओळींच्या तक्त्यातून हव्या तेवढ्याच ओळी डोळ्यांसमोर ठेवायच्या, हेच फिल्टरचं काम. फरक एवढाच की पाखडलेला कोंडा उडून जातो, इथे मात्र काहीच उडत नाही. नको असलेल्या ओळी नुसत्या पडद्याआड जातात. फिल्टर काढलं की सगळ्या जागच्या जागी हजर! त्यामुळे 'हात लावला आणि काही पुसलं गेलं तर?' ही भीती मनातून काढून टाका.

करायचं काय? तक्त्याच्या पहिल्या ओळीत शीर्षकं हवीत. तारीख, ग्राहक, गाव, माल, रक्कम, जमा, बाकी. तक्त्यातल्या कुठल्याही चौकटीवर क्लिक करा आणि 'डेटा' या मेनूतलं नरसाळ्याचं चित्र असलेलं 'फिल्टर' दाबा. प्रत्येक शीर्षकाशेजारी एक छोटा बाण येईल. बाण दाबला की त्या रकान्यातली नावं यादीसारखी उघडतात. हवं त्यावर टिक ठेवायची, बाकीच्यांची काढायची. आकड्यांच्या रकान्यात 'इतक्यापेक्षा जास्त' किंवा 'या दोन आकड्यांच्या मधले' अशी अटही घालता येते. विकत घेतलेलं एक्सेल नसेल तर मोफत मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्ये आणि मोबाइलवरच्या गूगल शीट्समध्येही ही सोय आहे.

समजा, एखादीचा मसाल्याचा गृहउद्योग आहे. दिवाळीपासून अक्षय तृतीयेपर्यंत ३१२ नोंदी झाल्या. विक्री तर चांगली दिसते, पण मिरची-धणे आणायला हातात पैसा नाही. बचत गटातून १०,००० रुपये उचलावेत, असा विचार चालला आहे. तिने 'बाकी' या रकान्यात 'शून्यापेक्षा जास्त' अशी अट घातली. ३१२ पैकी ४६ ओळी उरल्या, बाकी १८,४०० रुपये. मग तारखेच्या रकान्यात तीन महिन्यांपूर्वीच्याच नोंदी ठेवल्या. उरल्या फक्त ९ ओळी, बाकी ११,२०० रुपये, आणि नऊच्या नऊ ओळी दोनच दुकानदारांच्या! आता सांगा, या बाईला कर्ज हवं आहे की वसुली? महिना दोन टक्क्यांनी १०,००० रुपये घेतले तर पहिल्याच महिन्याचं व्याज २०० रुपये. स्वतःचे ११,२०० रुपये दुसऱ्यांच्या गल्ल्यात पडून असताना! 'धंदा बसला' असं घरात कोणी म्हणालंच, तर ती आता ठामपणे सांगू शकते, 'धंदा बसलेला नाही, पैसा अडकलाय, आणि कुठे अडकलाय तेही मला माहीत आहे.'

बघा, दोन रकान्यांवर अटी घातल्या की दोन्हीत बसणाऱ्या ओळीच उरतात. एकेक अट वाढवत गेलं की प्रश्न धारदार होत जातो. ही हुशारी कॉम्प्युटरची नाही, विचारणारीची आहे.

पण चाळणी चांगली असून भागत नाही, धान्यही नीट हवं. 'सुनीता' आणि 'सुनिता' कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळ्या बायका आहेत. एकीवरच टिक केली तर दुसरीची बाकी गायब. म्हणून नाव एकाच पद्धतीने लिहायचं. तारीखही तशीच. कधी रेघा, कधी ठिपके, कधी 'पाच मार्च' असं लिहिलं, तर कॉम्प्युटर तिला तारीख न मानता नुसते शब्द मानण्याची शक्यता असते. मग महिन्याप्रमाणे निवड होत नाही. रकमेच्या चौकटीत 'रु.' किंवा 'बाकी आहे' असं लिहू नका, फक्त आकडा. आणि दिसायला मोकळं दिसतं म्हणून तक्त्याच्या मध्ये रिकामी ओळ सोडू नका. पुष्कळदा फिल्टर तिथेच थांबतं आणि खालच्या नोंदी निवडीच्या बाहेर राहतात.

बेरजेचंही एक पथ्य आहे. खाली नेहमीचं 'सम' हे सूत्र असेल तर ते लपलेल्या ओळीही मोजतं. आपल्या मसालेवालीच्या पडद्यावर ९ ओळी दिसत असतील आणि बेरीज मात्र १८,४०० च! फक्त दिसणाऱ्या ओळींची बेरीज हवी असेल तर 'सबटोटल' हे सूत्र वापरायचं आणि कंसात आधी ९ हा आकडा द्यायचा. मग उत्तर ११,२०० येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चाळणी ज्याच्या हातात, त्याला हवं तेवढंच दाखवता येतं. फिल्टर लावलेल्या तक्त्याची प्रिंट काढली तर कागदावर दिसणाऱ्या ओळीच येतात. लपलेल्या ओळींची खूणही नसते. नाबार्डने १९९२ साली ५०० गटांपासून बँकांशी जोडणीचा प्रयोग सुरू केला. आज गटाचा व्यवहार बँकेपर्यंत जातो आणि नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड व हिशेब लेखन ही पंचसूत्री आपल्याला पाठ असते. पण बैठकीत थकबाकीचा कागद फिरतो तेव्हा तो पूर्ण यादीचा आहे की निवडलेल्या यादीचा, हे किती जणी विचारतात? सचिव ताईंवर अविश्वास दाखवा, असं मुळीच नाही. पण एकीलाच कळणारा हिशेब हा त्या एकीवरही अन्यायच असतो. उद्या काही चुकलं तर बोट तिच्याचकडे.

मग ओळखायचं कसं? एक्सेलमध्ये फिल्टर लावलेलं असेल तर डावीकडचे ओळींचे क्रमांक निळे होतात आणि मधले क्रमांक गळालेले दिसतात. ५ नंतर एकदम १४, मग २२. शीर्षकाजवळच्या बाणावर नरसाळ्याचं चित्र येतं. कागदावर अनुक्रमांकाचा रकाना ठेवण्याचा आग्रह धरला तर गळालेल्या ओळी तिथेही उघड होतात. गटाने एवढा एक नियम केला तरी पुरे, की एकूण किती नोंदी आणि त्यातल्या किती दाखवल्या, हे प्रत्येक प्रिंटवर लिहायचं.

आपल्या आज्या दूधवाल्याचे खाडे भिंतीवर खडूच्या रेघांनी मोजायच्या. महिनाअखेरीला दूधवाल्याची टाप नव्हती एक पैसा जास्त मागायची! त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, पण प्रश्न विचारायची सवय होती. आपल्या हातात आता भिंतीपेक्षा खूप मोठी पाटी आहे. तेव्हा मैत्रिणींनो, या आठवड्यात एक करा. दुकानाचा असो, घरचा असो की गटाचा, तुम्ही स्वतः भरलेला एक तक्ता उघडा, फिल्टर लावा आणि कोणी सांगितलेला नाही, तुमच्याच मनात आलेला एक प्रश्न त्याला विचारा. आणि उत्तर मिळालं की ते स्वतःजवळ ठेवू नका, चारचौघांत मांडा. ज्या घरात, ज्या दुकानात हिशेब बाईच्या बोटांवर असतो, तिथे निर्णयातही तिचा शब्द असायलाच हवा. नाही का?