काळा हंस आणि खुर्च्यांचा कारखाना

हॅरी पेस यांचे नाव निघाले की एकच किस्सा पुढे येतो : त्यांच्या कंपनीने बेसी स्मिथ यांना नाकारले. किस्सा खरा आहे. पण पेस यांच्यावर ठेवायचा खरा ठपका तो नव्हे.

पेस हे अटलांटा विद्यापीठात डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांचे विद्यार्थी. संगीतकार डब्ल्यू. सी. हॅन्डी यांच्या भागीदारीत त्यांनी मेम्फिसमध्ये गाण्यांच्या छापील स्वरलिपीची प्रकाशनसंस्था उभारली व १९१८ मध्ये ती न्यूयॉर्कला नेली. कृष्णवर्णीयांची गाणी छापली जात. तबकडीवर मात्र ती बहुधा गोऱ्यांच्या आवाजात येत. १९२० मध्ये मेमी स्मिथ यांची तबकडी तुफान खपली आणि कृष्णवर्णीय ग्राहकाची ताकद बाजाराला उमगली. पुढच्याच वर्षी पेस यांनी ‘ब्लॅक स्वान’ काढली. नाव घेतले एलिझाबेथ टेलर ग्रीनफिल्ड यांच्या बिरुदावरून. गुलामगिरीत जन्मलेल्या या गायिकेने १८५४ मध्ये राणी व्हिक्टोरियापुढे गायन केले होते.

ही निवड बोलकी आहे. रंगमंचावरचा कृष्णवर्णीय म्हणजे विदूषक, अशी त्या काळची रीत. तिला उत्तर म्हणून पेस यांना ऑपेरा हवा होता, अभिजात गायन हवे होते. खपत मात्र होते ब्लूज! एथेल वॉटर्स यांच्या ‘डाउन होम ब्लूज’नेच कंपनीला उभे केले. बेसी यांचा आवाज पेस यांच्या मंडळींना रांगडा वाटला. १९२३ मध्ये कोलंबिया कंपनीने त्याच आवाजावर मोठी कमाई केली. चूक होतीच, पण तिच्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अवहेलनेची जखम होती.

ठपका आहे तो पुढच्या प्रकरणाचा. ‘ब्लॅक स्वान’च्या तबकड्या आरंभी विस्कॉन्सिनमधील एका खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्यात तयार होत. हे परावलंबन संपवण्यासाठी पेस यांनी १९२२ मध्ये एका भागीदारासह ‘ऑलिम्पिक’चा कारखाना विकत घेतला. त्यासोबत गोऱ्या कलावंतांची जुनी ध्वनिमुद्रणे हाती आली, आणि ती टोपणनावांखाली ‘ब्लॅक स्वान’च्याच शिक्क्याने विकली गेली. जाहिराती मात्र आपल्याकडे केवळ कृष्णवर्णीयांचेच आवाज असल्याचे सांगत राहिल्या. ज्यांनी अभिमानापोटी पैसे मोजले, त्यांची ही फसवणूकच होती.

१९२३ अखेर कंपनी दिवाळखोरीत निघाली. पेस विमाव्यवसायात शिरले आणि तिथे उत्तम यशस्वी झाले. ‘ब्लॅक स्वान’ची ध्वनिमुद्रणे १९२४ मध्ये ‘पॅरामाउंट’ या लेबलाकडे गेली. हे लेबल कोणाचे? विस्कॉन्सिनच्या त्याच खुर्चीवाल्यांचे.