पुढचा ब्रेक कोणत्या हाती असावा?

जून महिना आला की खानदेशातील घराघरांत शाळेची तयारी सुरू होते आणि वह्या-दप्तरांच्या जोडीने कित्येक घरांत नवी सायकलही येते. आपण व्यापारी माणसे. सायकलीचा रंग पाहतो, उंची पाहतो, किमतीची घासाघीसही करतो. परंतु हँडलवरील दोन लिव्हरपैकी पुढचे चाक थांबवणारे कोणते, हे क्वचितच कोणी विचारतो. प्रश्न क्षुल्लक भासतो खरा. मात्र रस्त्यावर अचानक कोणी आडवे आले, तर मुलाला त्याचे उत्तर क्षणार्धात हातानेच द्यावे लागते. तेव्हा विचाराला सवड नसते.

आपल्या देशातील रीत अशी की उजव्या हाताला पुढचा ब्रेक आणि डाव्या हाताला मागचा. ही रीत इंग्रजी सायकलींबरोबर आली. 1949 साली मद्रास येथे इंग्लंडमधील कंपनीच्या सहकार्याने टीआय सायकल्सचा कारखाना निघाला, 1951 मध्ये सोनीपतला अ‍ॅटलास आणि 1956 मध्ये लुधियानाला हीरो. तारेऐवजी लोखंडी सळ्यांवर चालणाऱ्या ब्रेकच्या काळ्या सायकली ज्यांनी चालवल्या, त्यांच्या हातांना हीच रीत ठाऊक आहे. ब्रिटनमध्ये आजही कायद्याने उजवा हात पुढच्या ब्रेकचा मानला आहे. अमेरिकेत मात्र नियम नेमका उलटा आहे: डावीकडे पुढचा, उजवीकडे मागचा. जर्मनीतही सहसा तसेच आढळते. आंतरराष्ट्रीय मानक याबाबत एकच बाजू ठरवून देत नाही. ज्या देशात सायकल विकायची, तेथील कायदा वा प्रघात पाळावा, असे ते सांगते.

आपल्या वाचकांना यात नवल वाटू नये. आपल्या परंपरागत खतावणीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे लिहितात. इंग्रजी पद्धतीच्या खातेवहीत बाजू उलट असतात. हिशेब दोन्ही पद्धतींनी चोख जुळतो. मात्र एकाच वहीत दोन्ही पद्धती मिसळल्या, तर गोंधळ अटळ आहे.

तथापि ब्रेकच्या बाबतीत केवळ प्रघात नाही, कारणही दिले जाते आणि ते पटण्याजोगे आहे. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. त्यामुळे डावीकडे वळणे सोपे. उजवीकडे वळताना मात्र मागून येणारी आणि समोरून येणारी, अशी दोन्हीकडची वाहने सांभाळावी लागतात. जळगावात जुना महामार्ग शहराच्या मधूनच गेला आहे. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग एकमेकांना भेटतात. अशा ठिकाणी उजवा हात बाहेर काढून इशारा द्यावा लागतो. त्या वेळी हँडलवर एकटा डावा हात उरतो. त्याच्याकडे मागचा ब्रेक असेल, तर वेग हळूहळू कमी करता येतो. पुढचा असेल आणि घाईत जोरात दाबला गेला, तर एका हाताने तोल सावरणे कठीण होते. म्हणून आपल्या रस्त्यांवर पुढचा ब्रेक उजव्या हातीच असावा.

येथे आणखी एका समजुतीचा विचार करणे अगत्याचे आहे. ‘पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर पडशील’ असे वडीलधारी माणसे मुलांना बजावतात. परिणामी पुढच्या ब्रेकचे रबर झिजले, तार तुटली, तरी कोणी लक्ष देत नाही. वस्तुतः थांबवण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो. एसटीने ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे झुकतात. तसाच सायकलवरचा भार पुढच्या चाकाकडे सरकतो. मागचे चाक हलके होते आणि जोराने दाबल्यास घसरू लागते. ताशी 20 किलोमीटर वेगाने जाणारी सायकल दर सेकंदाला साडेपाच मीटर अंतर कापते. कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट वापरले, तर ती साधारण तीन-साडेतीन मीटरमध्ये थांबू शकते. केवळ मागच्या ब्रेकवर याच्या जवळजवळ दुप्पट अंतर लागते. मूल पडते ते पुढचा ब्रेक दाबल्याने नव्हे, तो एकदम आवळल्याने.

घरातील गिअर नसलेल्या स्कूटरवरही पुढचा ब्रेक उजवीकडेच असतो. परंतु 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना संयुक्त ब्रेक किंवा एबीएस आवश्यक झाले. संयुक्त ब्रेकच्या अशा स्कूटरवर सहसा डावे लिव्हर दाबले की दोन्ही चाकांना ब्रेक लागतो. सायकलीला ही सोय नाही. तेथे डावा हात मागचेच चाक धरतो. स्कूटर चालवणाऱ्या आई-वडिलांनी मुलांना शिकवताना हा भेद ध्यानात ठेवावा.

सायकल घरी आल्यावर पुढचे चाक उचलून फिरवावे आणि उजवे लिव्हर दाबून पाहावे. दुरुस्तीत तारा बदलल्या असतील, तेव्हाही हीच तपासणी करावी. मग मोकळ्या मैदानात खडूची रेघ आखून मुलाला त्या रेघेवर थांबायला सांगावे: आधी फक्त मागच्या ब्रेकने, मग दोन्ही हलके हलके आवळून. फरक त्याला स्वतःच उमगेल. वळणाआधीच वेग कमी करावा. वाळूवर व ओल्या रस्त्यावर पुढच्या ब्रेकचा हात हलका ठेवावा. लोखंडी रिमवर तर पावसात ब्रेकची पकड फारच कमी होते, म्हणून पावसाळ्यात थांबण्याची तयारी दुरूनच करावी.

शिक्षणासाठी अमेरिकेला वा जर्मनीला निघालेल्या मुलामुलींनाही हे आवर्जून सांगावे. तेथे सायकल हाती येताच प्रथम लिव्हर तपासावे आणि निर्जन जागी दोन-चार फेऱ्या मारून हाताला नवी सवय लावावी. नवी खातेवही उघडताना जमेची बाजू कोणती, हे आपण आधी पाहतोच ना?